गाडी देणगीत मिळेल, सेवा मिळणार नाही



या पानावर आम्ही नेहमी बेणे, लागण, खतांचे हप्ते आणि पाण्याच्या पाळ्या यांविषयी लिहितो. या खेपेस विषय वेगळा आहे, पण शेताबाहेरचा नाही. वार्षिक सर्वसाधारण सभा तोंडावर आली आहे. कारखान्याने एक चांगली रुग्णवाहिका घ्यावी, अशी मागणी गेले दोन हंगाम जवळजवळ प्रत्येक गटातून येत आहे. कोणी म्हणतात, आमदार फंडातून मिळवू. कोणी म्हणतात, वर्गणी काढू. मुंबई-पुण्याला असलेल्या आपल्याच मंडळींनी देणगी देण्याची तयारी दाखवली आहे, असेही कानावर आले. मागणी रास्त आहे. देणाऱ्यांचे मन मोठे आहे, यातही शंका नाही. पण या सगळ्या बोलण्यात एक प्रश्न कोणी विचारत नाही, तो आम्ही इथे विचारणार आहोत. गाडी आली, तिला हार घातला, नारळ फोडला, फोटो निघाला. त्यानंतर दरमहा तिचा खर्च कोण करणार?

बैल दानात मिळाला म्हणून शेत नांगरले जात नाही. त्याला रोज वैरण लागते, पाणी लागते, नाल मारावे लागतात आणि कासरा धरणारा माणूस लागतो. रुग्णवाहिकेचे तसेच आहे. आपल्या परिसरातील एका संस्थेला काही वर्षांपूर्वी अशीच एक गाडी भेट मिळाली होती. पहिले वर्ष ती धावली. दुसऱ्या वर्षी रात्रपाळीचा ड्रायव्हर पगार थकला म्हणून सोडून गेला. तिसऱ्या वर्षी विम्याचा हप्ता चुकला आणि गाडी चिंचेखाली उभी राहिली ती राहिलीच. आता तिच्या टपावर कोंबड्या बसतात. देणाऱ्याचा त्यात दोष नाही, आणि संस्थेच्या मंडळींचे मनही वाईट नव्हते. चालू खर्चाची तजवीज नव्हती, एवढेच.

खासदार फंडाच्या नियमांतही हीच गोम आहे. त्या निधीतून गाडी घेता येते, पण पगार, डिझेल, दुरुस्ती असला दरवर्षी येणारा खर्च त्यातून करता येत नाही. म्हणजे गाडी द्यायला पुष्कळ हात पुढे येतात, ती चालवायला मात्र कोणी येत नाही. आमचे सांगणे एका वाक्यात असे आहे : रुग्णवाहिकेचा निर्णय घ्यायचा असेल तर आधी तिच्या कायमच्या खर्चाचा निर्णय घ्या, गाडीचा नंतर.

मधल्या तासाचा धनी कोण?

हा विषय शेतकी खात्याने का काढावा, असे कोणी विचारील. तर त्याचे कारण असे की, हंगामात आमची माणसे पहाटेपासून रात्रीपर्यंत फडात आणि रस्त्यावर असतात. काय घडते ते आम्हांला रोज दिसते. उसात घोणस असते, नाग असतो. कोपीत जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री मण्यार चावते आणि कित्येकदा चावल्याचे त्याला कळतही नाही. कोयता पायावर बसतो. फवारणी करताना औषध अंगात भिनते. भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर अंधारात रस्त्याच्या कडेला बंद पडतो. मागे रिफ्लेक्टर नसतो आणि मोटरसायकलवाला सरळ येऊन धडकतो. तोडणीवरच्या बाईला नववा महिना असतानाही मोळी उचलावी लागते आणि पुष्कळदा फडातच कळा सुरू होतात. सभासदाच्या घरी वडीलधाऱ्या माणसाच्या छातीत पहाटे तीन वाजता दुखू लागते. यांतले एकही संकट घड्याळ बघून येत नाही.

आज यांपैकी बहुतेकांवर इलाज आहे. सर्पदंशावर लस आहे आणि आपल्याकडच्या नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही सापांवर ती एकच चालते. विंचवाच्या दंशाने कोकणात पूर्वी माणसे, विशेषतः पोरे, पटापट दगावत. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या साध्या गोळीचा उपयोग दाखवून दिला आणि ते मृत्यू फार मोठ्या प्रमाणात कमी झाले. फवारणीच्या विषबाधेवर अॅट्रोपिन आहे. लकव्याच्या झटक्यात गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत देता येते. औषध आहे, डॉक्टर आहे. पण माणूस तिथवर वेळेत पोचला तरच त्याचा उपयोग. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निघाला. त्यांत बहुतेक खेड्यातली, शेतात राबणारी माणसे होती. रस्ते अपघातांत २०२२ या एका वर्षात देशात १,६८,४९१ माणसे मेली. यांतली सगळीच वाचली असती असे कोणी म्हणणार नाही, पण वेळेत पोचली असती तर पुष्कळ वाचली असती, हे सांगायला डॉक्टर लागत नाही.

आता सरकारी व्यवस्था पाहा. दवाखान्यात दाखल झाल्यावर महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे. रस्ता अपघातातील जखमींसाठी केंद्र सरकारने मे २०२५ पासून दीड लाख रुपयांपर्यंत, पहिल्या सात दिवसांच्या बिनरोकड उपचारांची योजना लागू केली. अपघातात शेतकरी दगावला तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या योजनेतून वारसांना दोन लाखांचे अनुदान आहे. म्हणजे दवाखान्याच्या दारात गेल्यावर पैशाची सोय आहे आणि मेल्यावरही आहे. फडापासून दवाखान्याच्या दारापर्यंतचा जो मधला तास आहे, जीव जातो किंवा राहतो तो त्याच तासात. त्या तासाचा धनी कोण?

१०८ आहे, मग आपली कशाला?

हा प्रश्न अगदी बरोबर आहे. त्या मधल्या तासासाठीच शासनाने २०१४ साली महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची सेवा सुरू केली. त्यात ९३७ गाड्या होत्या आणि गाडीसोबत डॉक्टर, ही महाराष्ट्राची विशेष सोय होती. या सेवेने असंख्य जीव वाचवले आहेत. गरोदर माता आणि आजारी तान्ह्या बाळांसाठी २०११ पासून मोफत वाहतुकीची योजनाही आहे. पण हिशेब मांडून पाहा. महाराष्ट्राचे क्षेत्रफळ सुमारे ३ लाख ८ हजार चौरस किलोमीटर. ९३७ गाड्यांनी भागले तर एका गाडीच्या वाट्याला सव्वातीनशे चौरस किलोमीटर मुलूख येतो. २०११ च्या जनगणनेची लोकसंख्या धरली तर एका गाडीमागे सुमारे १ लाख २० हजार माणसे. एक गाडी एका रुग्णाला घेऊन जिल्ह्याच्या गावी गेली की मागे तेवढा मुलूख उघडा पडतो. त्यात आपल्याकडे हंगामात हजारो तोडणी कामगार बाहेरून येतात. ते इथल्या खानेसुमारीत नसतात.

तेव्हा आपली गाडी १०८ ऐवजी नको, १०८ च्या जोडीला हवी. पहिला फोन १०८ लाच करायचा. त्यांची गाडी जवळ असेल तर तीच येईल. लांब असेल तर आपली निघेल. आणि आपली गाडी आली म्हणून शासनाची जबाबदारी सुटत नाही. हंगामाच्या पाच महिन्यांत ऊसपट्ट्यात १०८ च्या जादा गाड्या उभ्या कराव्यात, ही मागणी त्याच सभेत ठराव करून शासनाकडे गेली पाहिजे.

१०८ च्या इतिहासातही आपल्या विषयाचा एक धडा आहे. ही सेवा देशात पहिल्यांदा १५ ऑगस्ट २००५ रोजी हैदराबादेत सुरू झाली. सत्यम या संगणक कंपनीच्या संस्थापकांनी त्यासाठी वेगळी संस्था काढली होती. पुढे अनेक राज्यांनी ती सेवा घेतली. जानेवारी २००९ मध्ये सत्यमचा हिशेबाचा घोटाळा उघड झाला आणि दातेच तुरुंगात गेले. त्या दिवशी जर ती सेवा केवळ दात्याच्या खिशावर उभी असती, तर गाड्या जागच्या जागी थांबल्या असत्या. पण तोवर चालू खर्चाचा मोठा भाग राज्य सरकारांच्या अंदाजपत्रकातून येऊ लागला होता. म्हणून दाता गेला, तरी सेवा टिकली. त्याच वर्षी दुसऱ्या उद्योगसमूहाने व्यवस्थापन हाती घेतले. दाता आज आहे, उद्या नाही. अंदाजपत्रकात कायमची ओळ असली की काम चालते.

खर्च फेरीचा नसतो, तयारीचा असतो

आता पैशाकडे येऊ. आपल्यापैकी अनेकांना वाटते की रुग्णवाहिकेचा खर्च म्हणजे डिझेल. तसे नाही. अहो, कारखान्याचा अग्निशामक बंब वर्षातून किती वेळा बाहेर निघतो? तरी तो पाणी भरून, माणसासह तयार ठेवावाच लागतो. रुग्णवाहिकेचा मुख्य खर्च तिने वाट बघत उभे राहण्याचा आहे. खालचे आकडे आम्ही अंदाजाने धरले आहेत. सभेपुढे येताना ते हिशेब खात्याकडून तपासून घ्यावेत.

चोवीस तास गाडी तयार ठेवायची तर तीन पाळ्या आणि साप्ताहिक सुट्टीचा बदली धरून चार ड्रायव्हर आणि चार प्रशिक्षित मदतनीस लागतात. दरमहा सरासरी २० हजार रुपये, फंडासह, धरले तर वर्षाला १९ लाख २० हजार. रोज ६० किलोमीटर धाव धरली तर डिझेल २ लाख १० हजार. विमा, टायर, दुरुस्ती १ लाख ७० हजार. ऑक्सिजन, औषधे, पट्ट्या दीड लाख. प्रशिक्षण आणि फोन ५० हजार. आणि आठ वर्षांनी गाडी भंगारात जाणार, तेव्हा नव्या गाडीसाठी २४ लाख हवेत म्हणून आजपासून दरवर्षी ३ लाख बाजूला. एकूण २८ लाख रुपये. यात डिझेल दहा टक्केही नाही. दोन तृतीयांश खर्च माणसांचा आहे. देणगीची गाडी चिंचेखाली का उभी राहते, ते यावरून लक्षात येईल.

ज्याने वापरली त्याने पैसे द्यावेत, असा एक विचार मांडला जातो. वरवर तो न्यायाचा दिसतो. पण रोज दोन फेऱ्या धरल्या तरी वर्षाच्या ७३० फेऱ्या होतात आणि एका फेरीला ३,८०० रुपयांच्या वर खर्च येतो. फेऱ्या कमी झाल्या तर दर आणखी चढणार. रात्री दोन वाजता, बायको कळा देत असताना, उचल डोक्यावर असलेला तोडणीवाला ३,८०० रुपयांचा विचार करीत बसेल. थोडी वाट बघू म्हणेल. ही वाट बघणेच जिवावर बेतते. गाडी बोलावणाऱ्याच्या मनात पैशाचा हिशेब येता कामा नये. तो हिशेब आपण सर्वांनी आधीच, शांत डोक्याने, बसून केलेला असला पाहिजे.

टनावारी हाच आपला रस्ता

सहकाराला हे नवीन नाही. प्रवरेच्या कारखान्यात १९५० साली गाळप सुरू झाले, तेव्हापासून महाराष्ट्रातल्या कारखान्यांनी थोड्या थोड्या टनावारीतून शाळा, महाविद्यालये आणि दवाखाने उभे केले. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाच्या निधीसाठीही कारखान्यांनी टनामागे १० रुपये आणि तेवढेच शासनाने द्यायचे, असे काही वर्षांपूर्वी ठरले. थेंबे थेंबे तळे साचते, ही म्हण आपल्या काट्यावरच खरी ठरली आहे.

हिशेबाच्या सोयीसाठी ७ लाख टन गाळप धरू. टनामागे ४ रुपये घेतले तर बरोबर २८ लाख होतात. पण ऊस दरवर्षी सारखा नसतो, हे तुम्हांला आम्ही काय सांगावे! पाऊस हुकला आणि गाळप ४ लाख टनांवर आले, तर जमा १६ लाखच होईल आणि १२ लाखांची तूट येईल. साप मात्र दुष्काळ पडला म्हणून चावायचा थांबत नाही. म्हणून टनामागे आणखी १ रुपया राखीव निधीत टाकावा. वर्षाला ७ लाख याप्रमाणे चार चांगल्या हंगामांत एका पूर्ण वर्षाच्या खर्चाइतकी ठेव होते. त्यानंतर तो रुपया बंद करावा.

या ५ रुपयांपैकी २ रुपये कारखान्याने आसवनी आणि सहवीजनिर्मितीच्या उत्पन्नातून घालावेत आणि ३ रुपये सभासदाच्या ऊसबिलातून यावेत, अशी आमची सूचना आहे. एकरी ४० टन ऊस निघणाऱ्या सभासदाला एकरामागे १२० रुपये पडतील. १०० टन घालणाऱ्याला ३०० रुपये. युरियाचे ४५ किलोचे एक पोते २६६ रुपये ५० पैशांना पडते. एका पोत्याहून थोडे जास्त, एवढाच हा बोजा आहे. देणगी, फंड, वर्गणी यांचेही स्वागतच आहे, पण ते पैसे पहिली गाडी आणि तिची साधने घेण्यापुरते वापरावेत. चालू खर्च त्यांवर टाकू नये.

आणखी एक कपात?

हे वाचून पुष्कळांच्या कपाळाला आठी पडली असेल, ते आम्हांला ठाऊक आहे. ऊसबिलाची पावती हातात घेतली की आधी कपातीचे रकाने मोजायचे, ही सवय सभासदाला उगाच लागलेली नाही. कोणता रुपया कुठे गेला हे वर्षानुवर्षे कळत नसेल, तर माणूस चिडणारच. म्हणून ही कपात नेहमीच्या पद्धतीने होऊ नये, असे आमचे ठाम मत आहे. सर्वसाधारण सभेच्या ठरावाशिवाय आणि सभासदाच्या लेखी संमतीशिवाय एक पैसाही कापू नये. निधीचे बँक खाते वेगळे असावे आणि त्यातला पैसा कारखान्याच्या अडचणीच्या वेळीही दुसरीकडे वळवू नये. दर तीन महिन्यांनी जमा, खर्च, फेऱ्या आणि फोन आल्यापासून गाडी पोचायला लागलेला वेळ, हे सगळे याच अंकात छापावे. ठराव तीन हंगामांपुरताच करावा. काम पसंत पडले तर सभेने तो पुन्हा करावा, नाही तर तो आपोआप संपावा. देखरेखीच्या समितीत संचालकांबरोबर दोन साधे सभासद, एक डॉक्टर आणि टोळ्यांचा एक मुकादम असावा.

मुकादम कशाला, असे कोणी म्हणेल. कारण गाडीची गरज सर्वांत जास्त त्याच्या माणसांना लागणार आहे. तोडणी कामगार भागधारक नाहीत, त्यांच्याकडून टनावारी घेता येत नाही, हे खरे. पण आपल्या उसाला पहिला कोयता त्यांचाच लागतो. त्यांना ही सेवा पूर्ण मोफत मिळाली पाहिजे. पाच महिने आपल्या बांधावर पोरेबाळे घेऊन राहणाऱ्या माणसाला, तू सभासद नाहीस म्हणून गाडी नाही, असे सांगणारा कारखाना सहकारी म्हणवून घेण्यास पात्र नाही.

शेतकी खाते काय देऊ शकते

आमच्या खात्याकडूनही काही देणे लागते. रुग्णवाहिकेला सर्वांत जास्त वेळ पत्ता शोधण्यात लागतो. शिवारात घरनंबर नसतो. ओढ्याच्या पलीकडे, वडाजवळचा फड, असा पत्ता सांगितला जातो. पण ऊसनोंदीमुळे प्रत्येक प्लॉटचा गट नंबर, शिवार आणि गाडीरस्ता आमच्या गट ऑफिसांत लिहिलेला असतो. कोणत्या पाणंदीत ट्रॉली फिरते आणि कोणत्या ओढ्यात ती अडकते, हे आमच्या चिटबॉयला डोळे मिटून सांगता येते. ही माहिती रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरजवळ असली तर वाट विचारण्यात जाणारी पंधरा-वीस मिनिटे वाचतील. तोडीची चिठ्ठी ज्या फडात पोचते, त्या फडात रुग्णवाहिकाही पोचलीच पाहिजे. प्रत्येक टोळीच्या मुकादमाकडे १०८ आणि गट ऑफिसचा नंबर असलेले कार्ड देण्याचे काम आमचे चिटबॉय आनंदाने करतील.

गाडी येईपर्यंत काय करायचे, तेही माणसांना ठाऊक हवे. साप चावल्यास जखमेवर ब्लेड मारू नये, रक्त चोखू नये, दोरी करकचून आवळू नये. रुग्णाला चालवू नये. चावलेला हातपाय काठी बांधून हलणार नाही असा ठेवावा, धीर द्यावा आणि थेट दवाखाना गाठावा. अपघातातल्या माणसाला मदत केली तर पोलिसांचे लचांड मागे लागेल, ही भीतीही आता सोडावी. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यातच मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे.

सभासद बंधू-भगिनींनो, आम्ही नोकरीतली माणसे. ठराव मांडणे आणि मंजूर करणे हा तुमचा अधिकार आहे. आमची विनंती इतकीच की, सभेत रुग्णवाहिकेचा विषय निघेल तेव्हा कोणती गाडी, कोणत्या रंगाची, कोणाच्या हस्ते उद्घाटन, यावर वेळ घालवू नका. चौथ्या वर्षी, पाऊस कमी झालेला असताना, रात्रपाळीच्या ड्रायव्हरचा पगार कुठून येणार, हे पहिल्यांदा विचारा. त्याचे उत्तर मिळाले की मग हार खुशाल आणा.

आपला नम्र,
ऊस विकास अधिकारी